फरक स्पष्ट करा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सॅन दिएगोहून नातीचा फोन आला. तिकडे शनिवारची रात्र. ती पाचवीत आहे. एरवी "आजी, काय करतेस?" आणि "बाय" यांच्यामध्ये फारसं काही नसतं, पण त्या दिवशी बाईसाहेब कागद-पेन्सिल घेऊनच बसल्या होत्या. शाळेत मेक्सिकोवर काहीतरी करायचं होतं (तो देश त्यांच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे म्हणे). तिथले दोन प्राणी घ्यायचे, एक पाण्यातला, एक रानातला. मग एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं काढायची. डावीकडे एकाचं वेगळेपण, उजवीकडे दुसऱ्याचं, आणि मधल्या पाकळीत दोघांत सारखं काय ते.

"म्हणजे फरक स्पष्ट करा," मी म्हटलं.

"आणि सेम काय आहे ते पण," ती म्हणाली.

मवाळ आणि जहाल यांच्यातला फरक मी तीस-बत्तीस वर्षं शिकवला. ओवी आणि अभंग यांतलाही. पण तिने निवडलेली जोडी ऐकून मी गप्पच झाले. एक वाकीता नावाचा समुद्रातला सस्तन प्राणी आणि दुसरा सुतारपक्षी! यांची तुलना म्हणजे विळा आणि भोपळा. तिने ते का निवडले विचारलं तर म्हणाली, "दे आर बोथ गॉन, ऑलमोस्ट." त्या 'ऑलमोस्ट'ने माझं पुढचे तीन आठवडे डोकं खाल्लं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी सुतारपक्षी.

आमच्या आवारात शेवगा आहे, त्यावर सोनेरी पाठीचा सुतार येतो. साळुंकीपेक्षा थोडा मोठा, डोक्यावर लाल तुरा, खोडावर उभा चढत जातो आणि आपण बघतोय कळलं की खोडाच्या मागे लपतो. मेक्सिकोतला हा पक्षी त्याच्या दुप्पट. चोचीपासून शेपटीपर्यंत छप्पन ते साठ सेंटिमीटर, जगातला सगळ्यात मोठा सुतारपक्षी. इंग्रजीत त्याला इम्पीरियल वुडपेकर म्हणतात, मी आपलं सम्राट सुतार म्हणते. काळा, पंखांवर पांढरा, हस्तिदंती रंगाची भक्कम चोच. नराचा तुरा लाल. मादीचा काळा आणि पुढे वळलेला, एखाद्या बाईने केसांची बट मुद्दाम कपाळावर आणावी तसा.

मेक्सिकोच्या पश्चिमेला सिएरा माद्रे नावाची डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावर जुन्या पाइन वृक्षांची जंगलं होती. जुनी हा शब्द महत्त्वाचा. या पक्ष्याला वठलेली, उभ्या उभ्या वाळलेली मोठी झाडं लागत, कारण त्यांच्या सालीखाली भुंगेऱ्यांच्या जाडजूड अळ्या असतात. लाकूडतोड्यांनाही मोठीच झाडं हवी असत, दोघांची आवड एक. विसाव्या शतकात रस्ते आणि गिरण्या डोंगरात पोचल्या आणि जुन्या जंगलाचा शंभरात एक भागही राहिला नाही. पण नुसतं जंगल गेलं म्हणून पक्षी गेला असंही नाही. तो एवढा मोठा, आणि घोळक्याने राहणारा, की लोक बंदुकीने मारत. खायला, पिसांसाठी, औषध म्हणून, आणि कित्येकदा नुसतंच, जवळून बघायला मिळावा म्हणून. टिम गॅलघर नावाच्या लेखकाने पुढे त्या डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारल्या. त्यांनी सांगितलं की लाकडाचं नुकसान करतो म्हणून जंगलतोडीच्या लोकांनी झाडांना विष फासायलाही सांगितलं होतं.

या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळालं १८३२ साली. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे शंभराहून जास्त पेंढा भरलेले नमुने आहेत. पण जिवंत पक्षी चित्रफितीत फक्त एकदा आलेला आहे, आणि तीही पंच्याऐंशी सेकंद.

ती फित नातीने मला पाठवली. अमेरिकेतला एक दंतवैद्य, विल्यम राइन, पक्ष्यांच्या नादापायी या डोंगरात येत असे. १९५६ साली दुरांगो भागात खेचरावर बसल्या बसल्या त्याने हातातल्या कॅमेऱ्याने हे चित्रण केलं. चित्र हलतं, मधूनच अस्पष्ट होतं. एक मादी प्रचंड पाइनच्या खोडावर उड्या मारत वर चढते, साल खरवडते, तिचा तो वळलेला तुरा थरथरतो, मग पंख पसरून दुसऱ्या झाडाकडे जाते. संपलं. राइनला म्हणे हे चित्रण इतकं वाईट वाटत होतं की तो ते लोकांना दाखवायचाच नाही. मार्ट्यान लामरटिंक नावाच्या डच पक्षीतज्ज्ञाला एका जुन्या पत्रात त्याचा उल्लेख सापडला, आणि शेवटी २०११ साली ते जगापुढे आलं. त्याच्या आदल्या वर्षी लामरटिंक आणि गॅलघर ती जागा शोधत प्रत्यक्ष तिथे जाऊन आले. पक्षी नव्हता. चित्रातलं जंगलही नव्हतं.

१९५६ नंतर खात्रीलायक दर्शन नाही.

मी ती फित चार वेळा पाहिली आणि पाचव्यांदा लक्षात आलं की माझा मोबाइल बंद पडलेला नाही, त्या चित्रणाला आवाजच नाही. या पक्ष्याचा आवाज कोणी ध्वनिमुद्रित केलेलाच नाही. जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय की तो पोरांच्या खेळण्यातल्या पिपाणीसारखा होता. जत्रेतली पिपाणी ऐकली की आता मला काय आठवेल ते सांगायला नको.

आणि मुख्य गोष्ट ही की तो असताना त्याची मोजदाद कोणी केली नाही. किती होते, कोणत्या वर्षी किती उरले, शेवटचा कधी मेला, कसलीच नोंद नाही. मागे वळून बघितलं तर जागा रिकामी, एवढंच.

आता वाकीता.

स्पॅनिशमध्ये वाका म्हणजे गाय, वाकीता म्हणजे छोटीशी गाय. नातीने माझा उच्चार लगेच सुधारला. तिच्या वर्गात निम्मी मुलं मेक्सिकन आहेत, ती 'बाकीता' म्हणतात. मला हे नाव जास्तच पटलं. बाकी म्हणजे उरलेलं. वजाबाकी करून खाली जे लिहायचं ते.

ही डॉल्फिनच्या चुलत घराण्यातली, ज्याला पॉरपॉइज म्हणतात त्या कुळातली. जगातली सगळ्यात लहान, जेमतेम दीड मीटर लांब. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आणि ओठांवर काळा पट्टा, जणू कोणी काजळ घालून तीट लावून पाठवलंय. पृथ्वीवर ती एकाच ठिकाणी राहते: मेक्सिकोत कॅलिफोर्नियाचं आखात आहे त्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, गढूळ उथळ पाण्यात. लाजाळू. बोटीचा आवाज आला की दूर जाते. डॉल्फिनसारख्या उड्या नाहीत, खेळ नाहीत. श्वास घ्यायला पाठ थोडी वर येते आणि पुन्हा पाण्यात.

आता ही तारखांची गंमत बघा. १९५० साली केन नॉरिस नावाच्या शास्त्रज्ञाला त्या किनाऱ्यावर एक कवटी सापडली. पुढे आणखी दोन मिळाल्या आणि १९५८ साली ही वेगळी जात आहे असं जाहीर झालं. म्हणजे १९५६ ला मेक्सिकोच्या डोंगरात सम्राट सुतार शेवटचा दिसला आणि दोनच वर्षांत त्याच मेक्सिकोच्या समुद्रात वाकीतेचं नाव पटावर आलं. एक उठून गेला आणि दुसरी येऊन बसली. पण कवट्यांवरून नाव दिलेलं, चेहरा ठाऊक नाही. १९८५ साली मासेमारीच्या जाळ्यात मेलेल्या काही वाकीता शास्त्रज्ञांच्या हाती आल्या, तेव्हा कुठे ती काजळाची वर्तुळं नीट कळली. एकाची कातडी ठेवली आणि दुसरीची हाडं, असं मी नातीला सांगितलं. तिने ते वर्तुळात लिहिलं नाही. "दॅट्स अ बिट डार्क, आजी."

वाकीतेला कोणी मारत नाही. हे मला सगळ्यात अवघड वाटलं. तिचं मांस कोणाला नको, कातडी नको. लोकांना हवा असतो टोटोआबा नावाचा मासा. तिच्याएवढाच मोठा. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये अफाट किंमत येते. आपल्याकडे घोळ माशाच्या अशाच पिशवीला कोळी बोत म्हणतात. २०२१ साली पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला दीडशेवर घोळ मिळाले आणि कोटीच्या वर पैसे आले, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. घोळ आणि टोटोआबा एकाच कुळातले. तर त्या माशासाठी पाण्यात भिंतीसारखं उभं जाळं सोडतात, त्याला गिलनेट म्हणतात. जाळ्याची भोकं माशाच्या मापाची, आणि वाकीता त्याच मापाची. ती अडकते आणि श्वासाला वर येता येत नाही म्हणून गुदमरते. मासेमार गरीब आहेत. एका रात्रीत वर्षाची कमाई होत असेल तर कोण थांबेल, असंही मनात येतं. टोटोआबा पकडायला बंदी आहे १९७५ पासून.

आता हे आकडे. मी ते विजेच्या बिलाच्या मागे एकाखाली एक लिहिले होते.

१९९७ : ५६७
२००८ : २४५
२०१५ : ६० च्या आत
२०१६ : ३०
२०१८ : १० च्या आसपास

सुतारपक्ष्याच्या बाबतीत कोणी मोजलंच नव्हतं. इथे मोजमाप किती करावं! बोटीतून दुर्बिणी लावून मोजलं. पाण्याखाली यंत्रं ठेवून तिचे आवाज टिपले. ती टिकटिक करत शिकार शोधते, पण इतक्या वरच्या पट्टीत की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. यंत्रालाच कळते. म्हणजे ज्या पक्ष्याचा आवाज मैलभर ऐकू जाई त्याची एकही ध्वनिफीत नाही, आणि जिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही तिच्या टिकटिकीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. आज किती टिकटिक झाली, कालपेक्षा किती कमी झाली.

मोजण्याशिवाय काही केलं नाही असं मात्र नाही. १९९३ साली तिथे राखीव क्षेत्र झालं. २०१५ ला गिलनेटवर दोन वर्षांची बंदी आली, २०१७ ला कायमची. रात्री जाळी पडतच राहिली. २०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर शेवटचा उपाय म्हणून वाकीता पकडून समुद्रातल्याच सुरक्षित कुंपणात ठेवायच्या असं ठरलं. जगभरचे तज्ज्ञ जमले. अमेरिकन नौदलाचे शिकवलेले डॉल्फिनसुद्धा शोधायला आणले. पहिलं एक पिल्लू सापडलं, ते इतकं घाबरलं की सोडून द्यावं लागलं. मग एक मोठी मादी पकडली. काही तासांत तिची तब्येत बिघडली, डॉक्टरांनी तिला वाचवायची शर्थ केली, ती मेली. मोहीम तिथेच थांबवली.

२०२२ साली एक साधी गोष्ट झाली. तिचा वावर असलेल्या छोट्या पट्ट्यात मेक्सिकोच्या नौदलाने सिमेंटचे ठोकळे टाकले, वर लोखंडी आकडे असलेले. तिथे जाळं सोडलं की ते अडकून फाटतं. जाळं म्हणजे पैसे, फाटायला कोणाला नको असतं. त्या पट्ट्यातली जाळी बरीच कमी झाली. त्याच वर्षी तिच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलं की एवढ्या थोड्या उरल्या तरी त्या आतून खचलेल्या नाहीत, जाळ्यात मरणं थांबलं तर त्या वाढू शकतात. २०२३ च्या पाहणीत दहा ते तेरा दिसल्या. २०२४ ला सहा ते आठ. २०२५ ला सात ते दहा, आणि त्यात पिल्लंही होती!

नातीला वाटत होतं की सुतारपक्षी 'एक्स्टिंक्ट' लिहून मोकळं व्हावं. मी म्हटलं, आधी तपास. जगभरच्या प्राण्यांची जी लाल यादी असते तिच्यात तो अजून नामशेष या रकान्यात नाही. अत्यंत संकटग्रस्त, कंसात बहुधा नामशेष, असा आहे. आणि वाकीताही अत्यंत संकटग्रस्त याच रकान्यात. सत्तर वर्षं न दिसलेला आणि पाण्यात पिल्लं घेऊन फिरणारी, एकाच पटावर.

"मग हे मधल्या पाकळीत," ती खूश झाली. थोडा वेळ लिहीत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, "पण आजी, त्यांना नंबर माहीत होता ना? एव्हरी इयर? देन व्हाय..."

मी काहीतरी उत्तर दिलं. गरिबी, चोरटा व्यापार, सरकार. सून जेवायला हाका मारत होती, फोन बंद झाला. मी विजेचं बिल उलटं धरून बसले होते. ५६७, २४५, ६०, ३०, १०. अशी उतरती आकड्यांची रांग मी आधी कुठेतरी पाहिली होती. माझ्याच अक्षरात.

तुमच्यापैकी जे शिक्षक होते त्यांना ठाऊक असेल, हजेरीपत्रकाला आम्ही कॅटलॉग म्हणायचो. माझा कॅटलॉग शाळेत प्रसिद्ध होता. खाडाखोड नाही, शाई एक, महिनाअखेरची सरासरी दशांश चिन्हापर्यंत. वार्षिक तपासणीला आलेले साहेब तो इतर शिक्षकांना दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

१९८६-८७ सालची आठवी. आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा झाला की गाड्या भरून कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्याकडे निघत, चैत्र-वैशाखात परत येत. वर्गातली सात-आठ मुलं त्यांच्याबरोबर जायची. त्यातला एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा, कविता म्हणायला लाजायचा, आवाज मात्र खणखणीत. त्या वर्षी तो गेला. जूनमध्ये नववीची यादी करताना लक्षात आलं की तो परत आलाच नाही. कुठल्या कारखान्यावर गेले, तिथेच राहिले की आणखी कुठे, कोणाला सांगता येईना. त्याचा शेवटचा दिवस कोणता हे पाहायला मी कॅटलॉग उलटा चाळला. ऑक्टोबरच्या मध्यावर एक हजेरी, आणि पुढे नुसते 'ग'. त्याबद्दल मला कोणी दोष दिला नाही. मीही दिला नाही. अशी मुलं जायचीच.

त्याच वर्गात एक मुलगी होती. ती कुठे गेली नव्हती. घर शाळेपासून दोन मैलांवर, वडील थोडी शेती करायचे. गणितात बेताची, पण मराठीचा निबंध असा लिहायची की मी तो दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवायची. जुलैत २५ पैकी २२ दिवस हजर. ऑगस्टमध्ये २२ पैकी १८. सप्टेंबरात २४ पैकी १८. दिवाळीच्या आधी १५ पैकी ९. डिसेंबरात २४ पैकी ११. हे आकडे मला आजही पाठ आहेत, कारण मी ते नुसते भरले नाहीत, त्यांच्याबद्दल तीन वेळा लेखी कळवलं. हेडसरांना टिपण दिलं, पालकांना पत्र धाडलं. कार्यालयीन प्रत फाइलला लावली.

आणि कारण मला माहीत होतं. ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही, माझ्या यजमानांनाही नाही. शाळेत मुलींसाठी संडास-मुतारी नव्हती. मुलगे भिंतीमागे जात. मुली सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळी घरी जाईपर्यंत पाणी पीत नसत. सातवी-आठवीत आल्या की महिन्यातले चार-पाच दिवस येतच नसत. एकदा सवय मोडली की मग सहा दिवस, आठ दिवस. घरी कामं असतातच, धाकटी भावंडं असतातच. हेडसर म्हणायचे, अनुदान आल्यावर बघू. ते आलं आठ वर्षांनी.

पण आम्ही दोघी शिक्षिका काय करत होतो? शाळेच्या समोरच, रस्ता ओलांडला की, एका मावशींचं घर होतं. मधल्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो. मावशींनी मागच्या दाराची कडी आमच्यासाठी काढून ठेवलेली असे. त्या भल्या होत्या. कधी चहाही द्यायच्या.

बहुतेक नोव्हेंबर असावा. मधल्या सुट्टीत मी फाटकाबाहेर पडले तर ती मुलगी माझ्या मागे मागे फाटकापर्यंत आलेली. हातात वही नव्हती, डबा नव्हता. नुसती उभी. "काय गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही बाई." मी म्हटलं, "मग वर्गात जा." आणि रस्ता ओलांडला.

मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. फाटकातून घरापर्यंत जाईतो कळलं होतं. मनात आलं, एकीला नेलं तर वीस जणी येतील, मावशींना त्रास होईल, मग त्या आम्हालाही नको म्हणतील. एवढाच हिशेब. वर्गात परत येऊन मी दुपारची हजेरी घेतली. ती हजर होती. दुसऱ्या दिवशी नव्हती.

मार्चमध्ये नाव कमी केलं. उन्हाळ्यात लग्न झालं असं ऐकलं. त्या वर्षी तपासणीत माझ्या कॅटलॉगला चांगला शेरा मिळाला.

मी निवृत्त झाल्यावर, २०११ साली, राज्यभर पटपडताळणी झाली. पटावरची मुलं खरोखर वर्गात आहेत का ते एकाच वेळी सगळीकडे मोजलं. बऱ्याच ठिकाणी पटावर नावं आणि बाकावर कोणी नाही असं निघालं. पेपरात वाचून मला आधी बरंच वाटलं की आपला पट कधी खोटा नव्हता. त्यात आता काय बरं वाटून घ्यायचं... असो.

तर ते सिमेंटचे ठोकळे. मी तज्ज्ञ नाही, पुढे काय होईल मला सांगता येणार नाही. पण एवढी वर्षं मोजल्यावर, ठराव आणि बंद्या झाल्यावर, जाळं फाटेल अशी एक वस्तू कोणीतरी पाण्यात नेऊन टाकली आणि निदान तेवढ्या तुकड्यात तरी फरक पडला, हे वाचून मी बराच वेळ खिडकीपाशी उभी होते. शेवग्यावर सुतार आला होता की नाही आठवत नाही.

पुढच्या रविवारी नातीने तिचा पूर्ण झालेला तक्ता कॅमेऱ्यासमोर धरला. डावं वर्तुळ हिरवं, उजवं निळं. सुतारपक्ष्याच्या तुऱ्याला लाल रंग दिला होता. मी म्हटलं, फित बघितलीस ना, त्यातली मादी आहे, तिचा काळा. तिने ओशाळून जीभ चावली आणि तिथल्या तिथे काळं केलं. मधल्या पाकळीत तीन ओळी होत्या: दोघेही मेक्सिकोत, दोघेही एकाच यादीत, आणि तिसरी 'पीपल न्यू'. ती तिसरी कशी, मी विचारलं, सुतारपक्ष्याचं कोणाला माहीत होतं? "ते आजोबालोक, ज्यांनी पॉइझन लावलं," ती म्हणाली. "ते तर रोज बघत होते."

सगळं स्केच पेनने लिहिलेलं होतं, फक्त निळ्या वर्तुळातला '७ ते १०' पेन्सिलीने. ते राहिलं का, मी विचारलं. नाही म्हणाली, मुद्दाम. पुढच्या वर्षी पुन्हा मोजतील, तेव्हा खोडायला बरं.